गिळता येतं, पण खाली जात नाही

2022 च्या गणपतीत, घरी पंगत बसली असताना, माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने मोदकाचा दुसरा घास खाल्ला आणि ती एकदम ताठ झाली. तिने मान उंचावली, खांदे मागे ओढले, डावा हात छातीवर दाबला आणि तांब्यातले पाणी घटाघटा प्यायली. तिसऱ्या घासाला पुन्हा तेच घडले. पंगत उठली तरी तिच्या पानावर अर्धा मोदक आणि वरणभात तसाच होता. सासूबाई मायेनेच म्हणाल्या, "जेवताना एवढं पाणी प्यायलं की भूक मरते गं बाळा," आणि त्यांनी तांब्या उचलून बाजूला ठेवला. मला ते पटले. जेवण निम्मे होईपर्यंत तिला पाणी द्यायचे नाही, असा नियमच आमच्या घरात झाला आणि पुढचे कित्येक महिने तो मी कटाक्षाने पाळला. आज मागे वळून पाहताना मला सर्वांत जास्त टोचणी लागते ती याची, कारण त्या पाण्यावाचून तिचा घास पोटात उतरणे शक्यच नव्हते.

तिच्या आजाराचे नाव अकॅलेशिया कार्डिया, म्हणजे अन्ननलिकेच्या तळाचे दार नीट न उघडणे. निदान व्हायला दीड वर्ष लागले. आम्ही सांगलीत राहतो, मी प्राथमिक शाळेत शिकवते, आणि दरवर्षी वर्गातल्या मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी स्वतः भरते. तिसरीत असताना माझ्या मुलीचे वजन 25 किलो होते. चौथीतही ते 25 किलोच राहिले आणि पाचवीच्या मध्यावर 22 झाले. वाढत्या वयात वजन तेवढेच राहणे हेही घटण्यासारखेच असते, हे मी इतर पालकांना सांगत आले होते. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत मात्र "ती खाण्याची कंटाळखोर आहे" या वाक्यावर मी वर्षभर समाधान मानले.

लक्षणे एकाच वेळी आली नाहीत, आणि आली तेव्हा प्रत्येकाला वेगळे नाव मिळाले. आधी भाकरी आणि थालीपीठ अडकू लागले, म्हणून मऊ भात सुरू केला. पण भातही अडके, आणि काही दिवस असे येत की साधे पाणीसुद्धा छातीत थांबल्यासारखे होई. खाल्लेले बाहेर यायचे, त्याला आम्ही उलटी म्हणत होतो, म्हणून पित्तावरचे औषध झाले, त्याआधी जंतांच्या गोळ्या झाल्या. रात्री झोपेत ती खोकत उठायची, म्हणून दम्याचा पंप दिला गेला. तीन महिन्यांत दोनदा छातीत कफ भरला आणि ताप आला, तेव्हा क्षयरोगाच्या तपासण्या झाल्या, त्या निर्दोष निघाल्या. यातला एकही उपचार वेडगळ नव्हता, कारण त्या त्या लक्षणाला तो तो उपचार रीतसरच होता. फक्त ही सगळी लक्षणे कोणी एका ओळीत मांडून पाहिली नाहीत, आणि ते काम सर्वांत सहज करू शकेल अशी व्यक्ती मीच होते.

एका तज्ज्ञांनी सर्व अहवाल चाळून सांगितले की मुलीला शारीरिक काहीही झालेले नाही, घरातले वातावरण आणि अभ्यासाचा ताण तपासावा. त्या दिवसानंतरचे दोन महिने मला विसरता येत नाहीत. मी तिला ताटासमोर तास-तासभर बसवून ठेवले. आधी आर्जवे केली, नंतर रागावले आणि एकदा हातही उगारला. त्या रात्री ती रडत म्हणाली, "आई, मला गिळता येतं, पण खाली जात नाही." मी ते बहाणा म्हणून ऐकले. पुढे पुण्यातल्या डॉक्टरांना तिचे हे वाक्य सांगितले तेव्हा त्यांनी ते जसेच्या तसे केसपेपरवर लिहून घेतले आणि म्हणाले, "ताई, या आजाराचं याहून अचूक वर्णन मलाही करता आलं नसतं."

तिथवर आम्ही पोहोचलो ते सांगलीतल्याच एका बालरोगतज्ज्ञ बाईंमुळे. मी खोकल्यासाठी तिला नेले होते. त्यांनी छाती तपासली आणि मग स्टेथोस्कोप बाजूला ठेवून नुसते प्रश्न विचारले. उलटीच्या आधी मळमळते का? बाहेर येते ते आंबट, पिवळे असते का, की जेवलेले अन्न तसेच्या तसे असते? सुरुवातीपासून पाणीही अडकते का, की फक्त घट्ट पदार्थ? खोकला झोपल्यावरच येतो का? सकाळी उशीवर काही दिसते का? या शेवटच्या प्रश्नाने मी गप्प झाले. उशीच्या अभ्र्यावर भाताची शिते मी कित्येकदा पाहिली होती, आणि "झोपेत तोंडातून लाळ गळली असेल" म्हणून अभ्रा धुवायला टाकला होता.

बाईंनी समजावले ते असे. उलटी जठरातून येते, तिला आंबट वास असतो, आधी मळमळ होते. हिच्या तोंडात परत येणारे अन्न जठरापर्यंत पोहोचलेलेच नाही, ते अन्ननलिकेतच साठून राहिले आहे. रात्री आडवे झाल्यावर तेच वर सरकते आणि थोडे श्वासनलिकेत उतरते, म्हणून खोकला आणि म्हणून छातीत कफ. अन्ननलिकेत एखादा अडथळा वाढत असेल तर बहुधा आधी घट्ट पदार्थ अडकतात आणि द्रव बरेच दिवस जात राहतो. घट्ट आणि पातळ दोन्ही अडकू लागले, तर नलिकेच्या हालचालीतच बिघाड असल्याची शंका घ्यावी लागते.

मग त्यांनी एक प्रश्न विचारला जो मला त्या वेळी अगदी अप्रस्तुत वाटला: "ती रडते तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं का?" आणि त्यापाठोपाठ, "तुमचं लग्न नात्यातलं आहे का?" आमच्या भागात मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न होणे नवे नाही. आमचे लग्न नात्याबाहेरचे आहे. पुढे कळले की लहान मुलांमधला अकॅलेशिया क्वचित ऑलग्रोव्ह सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक आजाराचा भाग असतो. त्यात डोळ्यांना अश्रू येत नाहीत, अन्ननलिकेचे दार उघडत नाही आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक पुरेसे तयार करत नाहीत. यातली तिसरी गोष्ट जिवावर बेतू शकते, कारण साध्या तापातही अशा मुलांच्या रक्तातली साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. त्याला कारणीभूत जनुक बाराव्या गुणसूत्रावर असते आणि सदोष प्रत आई व वडील या दोघांकडूनही यावी लागते. माझी मुलगी रडताना तिच्या गालांवरून अश्रू ओघळताना मी नको तितक्या वेळा पाहिले होते. तरीही डोळ्याच्या खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवून अश्रूंची तपासणी झाली आणि सकाळी आठ वाजता कॉर्टिसॉलसाठी रक्त घेतले गेले. दोन्ही निकाल चांगले आले. ज्यांच्या मुलांना अकॅलेशिया सांगितला जातो, त्यांनी हा अश्रूंचा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारावा असे मला मनापासून वाटते.

बेरियमची तपासणी जानेवारी 2024 मध्ये झाली. मुलीला उभे करून पांढरे, खडूच्या चवीचे द्रावण प्यायला दिले आणि क्ष-किरणांच्या पडद्यावर ते कसे उतरते ते पाहिले. एक, दोन आणि पाच मिनिटांनी चित्रे घेतली. डॉक्टरांनी मला पडदा दाखवला. नलिका वर रुंद झालेली होती, खाली येता येता ती एकदम निमुळती होऊन पक्ष्याच्या चोचीसारखी संपत होती, आणि त्या चोचीतून जठरात बारीक धार झिरपत होती. पाच मिनिटांनंतरही नलिकेत 9 सेंटीमीटर उंचीचा पांढरा स्तंभ तसाच उभा होता. डॉक्टरांनी तिला वरून एक पेला साधे पाणी प्यायला सांगितले. स्तंभ उंच झाला, क्षणभर थांबला, आणि मग चोच किंचित उघडून त्यातले थोडे खाली गेले. "बघा, पाण्याचं वजन दार ढकलतंय," ते म्हणाले. ताठ बसणे, मान उंच करणे, खांदे मागे ओढणे, घटाघटा पाणी पिणे हे सारे नखरे वाटले होते. नऊ वर्षांच्या मुलीने स्वतःच्या शरीराकडून शिकून घेतलेला तो उपचार होता, आणि मी त्यातला तांब्या काढून घेतला होता. मी त्या अंधाऱ्या खोलीत रडले.

आजार नेमका काय आहे, हे मी अनेक डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतले. आपण घास गिळतो तेव्हा घशापर्यंतचे काम आपल्या इच्छेने होते. त्यानंतर अन्ननलिकेचे स्नायू वरून खाली एकामागून एक आकसतात, त्या लाटेबरोबर घास पुढे सरकतो, आणि तो तळाशी पोहोचण्याआधीच तिथले स्नायूंचे कडे सैल होऊन वाट देते. एरवी हे कडे मिटलेले असते, म्हणून जठरातले आम्ल वर येत नाही. स्नायूंच्या थरांमध्ये मज्जापेशींचे जाळे असते. त्यातल्या काही पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडून कड्याला "सैल हो" असा निरोप देतात. अकॅलेशियात नेमक्या याच पेशी नष्ट होत जातात. त्यामुळे कडे मिटलेलेच राहते आणि वरची लाटही मावळते. पेशी का नष्ट होतात याचे निश्चित उत्तर अजून मिळालेले नाही. एखाद्या विषाणूच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती या पेशींवरच उलटत असावी, असा एक अंदाज आहे. मोठ्या माणसांतही हा आजार विरळा, आणि मुलांमध्ये तर दरवर्षी दहा लाखांमागे साधारण एक ते तीन मुलांना तो होतो. त्यामुळे एखाद्या गावातल्या डॉक्टरने आयुष्यात असा एकही बालरुग्ण पाहिलेला नसणे सहज शक्य आहे. हे कळल्यावर पूर्वीच्या डॉक्टरांवरचा माझा राग बराच निवला.

पुण्यात दोन तपासण्या झाल्या. दुर्बीण टाकण्याआधी तीन दिवस तिला फक्त गाळलेले पातळ पदार्थ दिले: ताक, भाताची गाळलेली पेज, डाळीचे पाणी. नलिकेत जुने अन्न उरले तर भूल दिल्यावर ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. दुर्बिणीत गाठ, व्रण किंवा आकुंचन पावलेला चट्टा नाही याची खात्री झाली. दुसरी तपासणी मॅनोमेट्रीची, म्हणजे अन्ननलिकेतला दाब मोजण्याची. ती भूल न देता करावी लागते, कारण रुग्णाला जागेपणी गिळायचे असते. दाब मोजणारे कितीतरी बिंदू असलेली बारीक नळी नाकातून जठरापर्यंत घालतात, आणि मग आडवे झोपवून पाच-पाच मिलिलिटर पाण्याचे दहा घोट एकेक करून गिळायला सांगतात. दोन घोटांच्या मध्ये आवंढासुद्धा गिळायचा नसतो. मोठ्यांनाही नकोसे होणारे हे काम आहे. आदल्या रात्री मी तिला सर्व खरेखरे सांगितले: नाकात झोंबेल, डोळ्यांत पाणी येईल, उबळ येईल, आणि तोंडाने हळू श्वास घेतला की ती ओसरेल. "काही नाही होणार" असे म्हणायचे नाही, एवढे मी ठरवले होते, कारण तिच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवला नव्हता, निदान माझ्या बोलण्यावर तिला विश्वास ठेवता यावा. पहिल्यांदा नळी गेली नाही, दुसऱ्यांदा गेली. दहा घोट होईपर्यंत तिने माझी करंगळी धरून ठेवली होती.

संगणकावर दाबाचा रंगीत नकाशा उमटला. निरोगी माणसात प्रत्येक घोटाला वरून खाली तिरका उतरणारा पट्टा दिसतो, तीच ती लाट. हिच्या नकाशात तिरका पट्टा एकही नव्हता. प्रत्येक घोटाला नलिकाभर एकाच वेळी दाब वाढून उभा खांब उमटत होता, आणि तळाचे कडे सैल व्हायचे तेव्हाही त्याचा दाब 28 मिलिमीटर पारा होता. तो 15 च्या आत असायला हवा. अकॅलेशियाचे तीन प्रकार मानतात, त्यातला हा दुसरा, आणि उपचारांना सर्वांत चांगला प्रतिसाद देणारा. गिळण्यातील अडथळा, अन्न वर येणे, छातीत दुखणे आणि वजन घटणे या चार गोष्टींना प्रत्येकी शून्य ते तीन गुण देऊन डॉक्टर तीव्रता मोजतात. बारापैकी तिचे आठ गुण झाले. या चार गोष्टींची वही मी त्या दिवसापासून रोज लिहू लागले.

उपचारांविषयी पुण्यातल्या डॉक्टरांनी जे स्पष्टपणे सांगितले त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मेलेल्या पेशी परत आणणारे औषध नाही. नलिकेची लाट पुन्हा सुरू होणार नाही. आपल्याला फक्त तळाचे दार मोकळे करता येते, बाकीचे काम गुरुत्वाकर्षणाने करायचे. ही कल्पना जुनीच आहे. 1674 मध्ये टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्टीपासून केलेल्या काठीच्या टोकाला स्पंज बांधून एका रुग्णाचे अन्न खाली ढकलण्याची सोय केली होती, आणि तो रुग्ण त्यावर कित्येक वर्षे जगला. आज तीन मुख्य मार्ग आहेत. फुग्याने कडे ताणून सैल करणे, हे मुलांमध्ये पुन्हा पुन्हा करावे लागू शकते. दुसरा मार्ग शस्त्रक्रियेने कड्याचे स्नायू कापण्याचा. अर्न्स्ट हेलर या जर्मन शल्यविशारदांनी ती 1913 मध्ये प्रथम केली. आता ती पोटावर छोटी छिद्रे पाडून होते आणि आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा काही भाग नलिकेभोवती टाक्यांनी बसवतात. तिसरा मार्ग पोएम. जपानचे हारुहिरो इनोऊए यांनी 2008 मध्ये तो माणसांत प्रथम वापरला. यात तोंडातून दुर्बीण घालून नलिकेच्या आतल्या अस्तराखाली बोगदा करतात, त्यातून जाऊन स्नायू कापतात आणि बोगद्याचे तोंड क्लिपांनी बंद करतात. बाहेर छेद नाही, पण आम्लाला अडवणारी तटबंदीही नाही, त्यामुळे आम्ल वर येण्याचे प्रमाण यात अधिक.

आम्ही दोघांनी तीन आठवडे विचार केला. मुलांमधल्या पोएमचा पुरेसा अनुभव असलेले डॉक्टर मुंबईत भेटले आणि आम्ही तो मार्ग घेतला. दुसऱ्या कुटुंबाने हेलरची शस्त्रक्रिया निवडली तर त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. एक मुदत ठेव मोडली. मे 2024 मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालो तेव्हा मुलगी रात्रभर बाबांच्या खांद्याला टेकून बसूनच झोपली, आडवी झाली नाही. उंच उशीवर किंवा बसून झोपायची शिस्त तोवर तिच्या अंगवळणी पडली होती.

पोएमला दोन तास लागले. नंतर मान आणि छाती दुखत होती, ताप थोडा आला, तो दुसऱ्या दिवशी उतरला. तोंडाने काही द्यायच्या आधी पुन्हा औषध पाजून क्ष-किरणांखाली पाहिले, कुठे गळती नाही ना याची खात्री झाली, आणि मग पहिला घोट नारळपाण्याचा दिला. तिने तो घेतला आणि सवयीने मान उंच करून थांबली. पुढे काहीच झाले नाही. तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "गेलं?" मी म्हटले, "तुला काय वाटतं?" तिने बराच वेळ छातीवर हात ठेवून अंदाज घेतला आणि म्हणाली, "गेलं." दोन आठवडे पातळ, मग मऊ, आणि महिन्याने पोळी, असा क्रम होता. पहिली पोळी तिने दुधात न कुस्करता खाल्ली.

एका वर्षात वजन 22 वरून 29 किलो झाले. चार प्रश्नांचे गुण आठावरून एकावर आले, आणि तोही एक गुण घाईत खाल्ले तर कधी तरी घास रेंगाळतो त्याचा. बेरियमचा स्तंभ पाच मिनिटांनी 2 सेंटीमीटर उरतो. रात्रीचा खोकला थांबला आणि पंप डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केला. आम्लाचे मात्र जसे सांगितले होते तसेच झाले. वर्षभरानंतरच्या दुर्बिणीत नलिकेच्या तळाशी सौम्य दाह दिसला, म्हणून सकाळी उपाशीपोटी आम्ल कमी करणारी गोळी चालू आहे. रात्रीचे जेवण झोपण्याआधी तीन तास उरकायचे, पलंगाची डोक्याकडची बाजू विटांवर उंच ठेवायची, आणि गिळायला पुन्हा त्रास वाढू लागला तर वाट न पाहता यायचे, हे कायमचे आहे. पुढे कधी फुग्याने कडे पुन्हा सैल करावे लागेल, ही शक्यता आम्ही तिच्यापासून लपवलेली नाही.

तिच्या शाळेला मी एक पत्र दिले आहे: मधल्या सुट्टीत डबा संपला नाही तर तिला पुढच्या तासाला दहा मिनिटे उशिरा बसू द्यावे, वर्गात पाणी पिऊ द्यावे, आणि जेवल्यावर लगेच धावायला लावू नये. घरी जेवायला बसण्याआधी सासूबाई स्वतः तांब्या भरून तिच्या पानाशेजारी ठेवतात. पुढची दुर्बीण येत्या मे महिन्यात आहे, आणि वही अजून रोज लिहिते. आता त्यातल्या नोंदी माझी मुलगी सांगते आणि मी उतरवून घेते.